सॅमच्या नावाची मेणबत्ती

सॅम कोण, हे वेतुरियाला ठाऊक नव्हतं. पण तो लहानपणीच गेला असणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. संडासातल्या कॅलेंडरवर सोळा नोव्हेंबरपुढे त्याचं नाव गोल गोल शाळकरी अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, आणि शेजारी क्रूससुद्धा नव्हता. बिचाऱ्याला कोणी धड पुरलंही नसेल. त्यातून सोळा नोव्हेंबर म्हणजे नेमका स्मारांदाचा वाढदिवस. त्या पोराची आपल्या नातीवर नजर पडू नये म्हणून वेतुरियाने त्याच्या नावाची मेणबत्ती इतरांपेक्षा बोटभर उंच घेतली होती. लावताना ती थोडी रडलीही होती.

हॉलंडातल्या लायडनचं हे घर मुळात म्हाताऱ्या त्रूसबाईंचं. त्या वृद्धाश्रमात गेल्या आणि घर सामानसुमानासकट इलिंकाला भाड्याने मिळालं. नवरा पेत्रु गेल्यावर रोमानियातल्या ब्राइलाचं घर विकून वेतुरिया एप्रिलमध्ये लेकीकडे राहायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी जिन्याखालच्या अरुंद संडासात तिला ते कॅलेंडर दिसलं. बारा पानं. वार नाहीत, साल नाही, नुसत्या तारखा, आणि तारखांपुढे नावं. काहींच्या शेजारी छोटा काळा क्रूस. आता वार आणि साल नसलेलं कॅलेंडर मेलेल्यांशिवाय कोणाला लागतं? ब्राइलात अशी यादी चर्चमध्ये पाद्र्याच्या हाती द्यायची असते, जिवंतांची एका बाजूला, मेलेल्यांची दुसऱ्या बाजूला. या लोकांनी ती चक्क संडासात टांगली होती. लाजलज्जा म्हणून काही नाही.

ती कोणाशी बोलली नाही. जावयाला हसायला आयतं निमित्त कशाला द्या? दर महिन्याला पान उलटलं की ती बिनक्रूसाची नावं आपल्या वहीत उतरवून घ्यायची, दर शनिवारी एकेका नावाने मेणबत्ती लावायची, आणि रविवारी फादर इलारिओनच्या हाती मृतांची चिठ्ठी ठेवायची. परक्या घरात फुकट राहतो, तर घरच्या मेलेल्यांसाठी एवढं तरी करावं.

आणि मग क्रूस उगवू लागले. एप्रिलमधल्या हिलीपुढे एक, मेमधल्या याकोबपुढे एक, जूनमधल्या नेलपुढे एक. तिघंही तिच्या वहीतली. कोणी काढले असतील हे तिने विचारलं नाही. प्रार्थना पोचली, त्यांना जागा मिळाली, एवढंच तिला कळलं, आणि परक्या मुलखात पहिल्यांदा आपला कोणालातरी उपयोग आहे असं तिला वाटलं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नव्हती. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी, मृतांच्या शनिवारी, तिने अक्रोड आणि साखर घालून गहू शिजवला होता. त्या दिवशी सॅमच्या नावाची वाटी स्मारांदाने येता-जाता चाटूनपुसून खाल्ली. त्या रात्रीपासून पोरीला रोज संध्याकाळी ताप चढत होता. डॉक्टरने पॅरासिटामॉल दिलं होतं. या देशात पाय तुटला तरी पॅरासिटामॉलच देतात, असं होरिया म्हणायचा, आणि या एका बाबतीत सासू-जावयाचं एकमत होतं.

आज सोळा तारीख, रविवार. दुपारी दोनलाच होरियाने बैठकीच्या खोलीत सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून गोल मांडल्या. मधे काही नाही.

"हे काय, जावईबापू? वाढदिवस आहे की मयत?" वेतुरियाने विचारलं.

"इथे असंच असतं, सासूबाई. गोल बसायचं, कॉफी प्यायची, केकचा एक तुकडा खायचा, आणि साडेचारला आपापल्या घरी."

"एकच तुकडा?"

"दुसरा मागितला तर वर्षभर बोलतात."

"बोलू देत. पोरीचा वाढदिवस आहे, मी चार तुकडे वाढणार."

"तुम्ही काही वाढू नका," खिडकीपाशी उभ्या असलेल्या ओतिलियाने सांगितलं. ही होरियाची थोरली बहीण, उत्रेख्तला राहायची. अठरा वर्षं या देशात काढून, एका डच माणसाशी संसार मांडून आणि मोडून, आता ती डच लोकांपेक्षा जास्त डच झाली होती. "आणि इलिंका, तो पडदा उघड. पडदा लावला की लोकांना वाटतं, आत काहीतरी लपवताय."

"लपवायला काय आहे आमच्याकडे?" इलिंका स्वयंपाकघरातून म्हणाली.

ओतिलियाने भावाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, पण वेतुरियाचे कान अजून शाबूत होते. "विचारलंस इलिंकाला? तिची मावशी ब्राइलात एकटीच आहे. दोघी बहिणींना सोबत होईल. पोरीच्या खोलीत दर शनिवारी मेणाचा धूर, म्हणून तर खोकते ती."

"मी ऐकतेय," इलिंका दारात आली. हाताला पीठ होतं. "आई कुठेही जाणार नाही. तिला जायला घर नाही, ओती. विकलेल्या घरात कोणी परत जात नाही."

दोन आठवडे हे असंच चाललं होतं. भाऊ-बहीण एका बाजूला, माय-लेकी दुसऱ्या बाजूला, आणि मधे स्मारांदाचा ताप. वेतुरियाला त्या क्षणी लेकीचा इतका अभिमान वाटला की तिने मुद्दाम आपणच पडदा बाजूला केला. बाहेरून जाणाऱ्या एका सायकलवाल्याने आत वाकून पाहिलं आणि मान हलवली.

पाहुणे ठरल्या वेळेला आले, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. त्रूसबाईंचे भाऊ वीबे, हे नव्वदीला टेकलेले, उंच, काळ्या कोटातले. घराचा बॉयलर बघायला ते महिन्यातून एकदा यायचेच. शेजारचं जोडपं. स्मारांदाच्या वर्गातली फेना आणि तिची आई. एकेक जण आला, कोट काढला, आणि थेट वाढदिवसाच्या पोरीकडे न जाता खोलीभर फिरून प्रत्येकाशी हात मिळवू लागला.

वीबेंनी वेतुरियाचा हात हातात घेतला आणि खाली वाकून गंभीरपणे एक लांबलचक शब्द उच्चारला. खे पासून सुरू होणारा, लेर्त की तेर्त असं काहीतरी शेवटी असलेला. हा शब्द तिच्या ओळखीचा होता. जूनमध्ये कोपऱ्यावरचा शेजारी वारला, तेव्हा तिथे असंच गोल बसले होते, अशीच कॉफी होती, आणि दारात सगळे हात धरून हाच शब्द म्हणत होते. खेकोन्दोलेर्त. दुःखात सहभागी आहोत. मग वीबेंनी पुढे आणखी काही म्हटलं, आणि त्यात तिला स्पष्ट ऐकू आलं: सॅम.

तिने हात मागे घेतला.

पाठोपाठ शेजारीण आली. हात, तोच शब्द, सॅम. तिचा नवरा. हात, शब्द, सॅम. फेनाची आई हसत होती, तिने गालावर तीनदा गाल टेकवले आणि तीही तेच म्हणाली. खोलीभर सगळे एकमेकांचे हात धरून सॅमचं नाव घेत होते. होरियालासुद्धा म्हणत होते, आणि होरिया आभार मानत होता. ज्या पोराची मेणबत्ती तिने कोणाच्या नकळत लावली होती, त्याच्या सांत्वनाला सगळी गल्ली आली होती, आणि तिला घरची मोठी समजून हात देत होती.

सगळे गोल बसले. मधली जमीन रिकामी. काचेच्या भल्यामोठ्या खिडकीबाहेर कालव्याचं पाणी तीन वाजताच काळं पडायला लागलं होतं. स्मारांदा लाल गालांनी, नव्या झग्यात, खुर्चीवर पाय हलवत होती. पाहुण्यांदेखत ती आजीला बुनी म्हणत नसे, इथल्या पोरांसारखं ओमा म्हणत असे. "ओमा, बस ना," ती म्हणाली. वेतुरिया बसली नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

"इलिंका, यांना कोणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"सॅमबद्दल. हे सगळे त्याच्या सांत्वनाला आलेत ना? तो वीबेंचा कोण? नातू होता का?"

इलिंकाने केकवरची सुरी बाजूला ठेवली. "आई, सॅम म्हणजे आपली स्मारांदा. शाळेत कोणाला तिचं नाव घेता येत नाही, म्हणून सॅम म्हणतात. कधीपासून म्हणतात. तुला ठाऊक नाही?"

नव्हतं. आठ महिने एका खोलीत झोपून, रोज तिची वेणी घालून, तिला हे ठाऊक नव्हतं.

"पण संडासात," वेतुरिया म्हणाली, "ते नाव..."

"तिनेच लिहिलं. फेनाने शिकवलं, सप्टेंबरात."

"मेलेल्यांच्या यादीत?"

"कुठली मेलेल्यांची यादी?" बशा घ्यायला आलेली ओतिलिया हसली. "अहो, वाढदिवसांचं कॅलेंडर आहे ते. इथे प्रत्येक घरी असतं. दिवसातून दोनदा तरी तिथे बसणं होतं, म्हणजे कोणाचा वाढदिवस विसरायला नको. आणि ते तुमचं सांत्वन करत नव्हते, नातीबद्दल अभिनंदन करत होते. खेफेलिसितेर्त. दुसरा शब्द वेगळा. नवे लोक हमखास गोंधळतात. मी माझ्या सासूला तिच्या साठीला दुखवटा दिला होता."

"मग क्रूस?"

"ते वीबे काढतात, बॉयलर बघायला आले की. कोणी गेलं तर नाव खोडत नाहीत, शेजारी क्रूस काढतात. वार-साल नसतं ना, एकच कॅलेंडर जन्मभर चालतं."

वेतुरिया तिथल्या स्टुलावर बसली. मग तिने सगळं सांगितलं. वही, शनिवार, चिठ्ठ्या, उंच मेणबत्ती, गव्हाची वाटी. बिनक्रूसाची नावं, म्हणजे जिवंत माणसं, आणि तिने ती एकेक करून मेलेल्यांत घातली होती.

होरिया केक न्यायला आला होता, तो दारातच थांबून ऐकत होता. तो मोठ्याने हसला. "म्हणजे सासूबाईंनी अर्ध्या लायडनचं श्राद्ध घातलं."

इलिंका हसली नाही. ती दिवसभर प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी बाई, देवाधर्माशी तिचा संबंध ईस्टरच्या अंड्यांपुरता. पण ती पांढरी पडली होती. "एफ्रोसिना आत्या," ती म्हणाली.

ते नाव या घराण्यात सहसा घेत नसत. वेतुरियाच्या आईने एकदा भांडणाच्या रागात आपल्या जिवंत नणंदेचं, एफ्रोसिनाचं नाव मुद्दाम मृतांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. चाळीस दिवस पाद्र्याने ते वाचलं. एफ्रोसिना त्याच डिसेंबरातला संत निकोलसचा दिवस बघायला राहिली नाही. आईने पुढे साठ वर्षं तिच्या नावाने उपास केले, पण झालं ते झालं.

"तुला माहीत होतं," इलिंका म्हणाली. "तुला सगळ्यांत जास्त माहीत होतं, आई, आणि तरी न विचारता परक्यांची नावं देत सुटलीस. माझ्या मुलीला मेलेल्यांत घातलंस."

"मला काय माहीत गं, सॅम म्हणजे..."

"आपल्या नातीचं नाव माहीत नाही तुला. यांचंच बरोबर होतं. तू मावशीकडे जा. या आठवड्यात."

हे होरिया बोलला असता तर वेतुरियाने चार शब्द सुनावले असते. लेक बोलल्यावर तिने मान खाली घातली. गंमत म्हणजे होरियाही खूश दिसला नाही. दोन आठवडे जे त्याला हवं होतं ते बायकोच्या तोंडून आयतं बाहेर पडलं, आणि तो कपाळाला आठ्या घालून उभा राहिला.

"वेडेपणा करू नकोस," तो म्हणाला. "वीबे नव्वदीचे, त्यांचे मित्र नव्वदीचे. ती माणसं मरणारच. सासूबाई, या देशात देवाच्या वहीला कोण विचारतो? नगरपालिकेच्या वहीत नाव आहे तोवर माणूस जिवंत. स्मारांदाचं आहे, नंबरासकट."

"मग तिघंच कशी गेली? माझ्या वहीतली, ओळीने?"

"चार. वीबे आत्ताच सांगत होते. डाउवे म्हणून चुलतभाऊ, परवा गेला. घरी जाण्याआधी त्याचा क्रूस काढायचाय वीबेंना. फेब्रुवारीत आहे तो. फेब्रुवारी आहे तुमच्या वहीत?"

नव्हता. ती एप्रिलमध्ये आली होती. फेब्रुवारीपर्यंत अजून पोचायची होती.

"बघा," होरिया म्हणाला. "डाउवे तुमच्या मदतीशिवाय मेला."

क्षणभर सगळ्यांना बरं वाटलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत स्मारांदा खोकली. कोरडा, लांब खोकला. चौघंही थांबून तो संपायची वाट बघत राहिली.

"फादरना फोन लाव," होरिया हळूच म्हणाला. इलिंकाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. "लाव ना. फोनने काय बिघडतं?"

फोन त्यानेच लावला. फादर इलारिओन मनमिळाऊ माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, सॅमचं नाव आज सकाळीच वाचलं, आता उद्यापासून जिवंतांत वाचीन. देव काही कारकून नाही, रकाना चुकला म्हणून फसत नाही. होरियाने आभार मानले आणि फोन ठेवला. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"झालं," तो म्हणाला. "नाव हलवलं."

"नाव हलवलं," ओतिलिया बशा पुसता पुसता म्हणाली, "पण आमची आजी म्हणायची, मेलेल्यांच्या यादीतली जागा रिकामी राहत नाही. नाव काढलं तर दुसरं द्यावं लागतं."

"ओती, तू पण?"

"मी कुठे काय म्हणतेय? आजी म्हणायची. आणि इलिंका, आता यांना पाठवू नकोस. ज्याने गाठ मारली त्यानेच ती सोडवायची असते." मग तिला आपणच बोललेलं ऐकू आलं असावं. ती बशा उचलून घाईने निघून गेली, आणि दोन मिनिटांनी बाहेरून तिचा चढलेला डच आवाज आला.

वेतुरिया उठली. "मी जरा जाऊन येते," ती म्हणाली. कोणी अडवलं नाही. संडासाला जाणाऱ्या म्हाताऱ्या बाईला कोण अडवणार?

आत गारठा होता. तिने कडी लावली. सॅमचं नाव तसंच होतं, गोल, थोडं उजवीकडे कललेलं. आता बघताना ते अक्षर तिला ओळखू कसं आलं नाही याचं नवल वाटलं. हे अक्षर गिरवून घेताना ती स्वतः शेजारी बसायची. तिने ते नाव खोडलं नाही. दोऱ्याला बांधलेली पेन्सिल घेतली आणि पानं उलटून फेब्रुवारी काढला. स्वतःच्या जन्मतारखेपुढे आपलं नाव लिहायचं, शेजारी क्रूस काढायचा, असं तिने स्टुलावर बसल्या बसल्याच ठरवलं होतं.

नऊ फेब्रुवारीची जागा रिकामी नव्हती. तिथे त्याच गोल अक्षरात लिहिलं होतं, बुनी. पुढे पाच पाकळ्यांचं एक फूल काढलेलं होतं.

वेतुरियाला रडू कोसळलं. पोरीने तिला केव्हाच जिवंतांत लिहून टाकलं होतं. या घरातल्या, या गावातल्या, वाढदिवस विसरू नयेत अशा माणसांत. तिने झग्याच्या बाहीने डोळे पुसले, आणि मग फूल आणि नाव यांच्या मधल्या जागेत, वीबे काढतात तसाच नीटस, सरळ रेघांचा छोटा क्रूस काढला. पान परत नोव्हेंबरवर आणून ती बाहेर आली.

बैठकीत पाहुणे आपापल्या कपाच्या तळाशी पोचले होते. स्मारांदा आईच्या मांडीवर होती. वेतुरियाने तिच्या कपाळाला हात लावला. चार वाजून गेले होते, रोज या वेळेला कपाळ तापलेलं असे. आज ते केळीच्या पानासारखं गार होतं.

"ताप नाहीये," इलिंका म्हणाली. तिने आईकडे वर बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत राग उरला नव्हता, नुसती दमणूक होती. "आई, मघाशी मी काहीतरी बोलले. मनावर घेऊ नकोस. तू कुठे जाणार नाहीस."

"नाही," वेतुरिया म्हणाली. "आता कशाला?"

होरियाने तिच्यापुढे बशी धरली. बशीत केकचे दोन तुकडे होते.

साडेचारला सगळे एकदम उठले, कोणीतरी घंटा वाजवावी तसे. कोट घातले, पुन्हा हात मिळवले. वीबेंनी बोट वर करून थांबायला सांगितलं, खिशातून काळं पेन काढलं आणि ते जिन्याखाली गेले. डाउवेचा क्रूस राहिला होता. दार लागलं. आतून पानं उलटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज नाही.

ते बाहेर आले तेव्हा त्यांनी टोपी हातात धरली होती. दाराशी वेतुरिया एकटीच उभी होती. बाकीचे बाहेर सायकलींपाशी फेनाच्या आईला निरोप देत होते. वीबेंनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, दुपारपेक्षा खूप हळुवारपणे, आणि खाली वाकले.

"खेकोन्दोलेर्त," ते म्हणाले. या वेळी तिने शेवटपर्यंत ऐकलं. गोंधळ नव्हता. पुढे त्यांनी ते नाव घेतलं, अडखळत, परक्या भाषेतलं नाव नीट उच्चारावं म्हणून काळजी घेत. "बुनी."

"धन्यवाद," वेतुरिया म्हणाली.

इलिंका पोरीला कडेवर घेऊन पायरी चढत होती. "काय गं म्हणाले वीबे? केवढे गंभीर झाले होते."

"नेहमीचंच," वेतुरिया म्हणाली आणि खिडकीचा पडदा लावायला आत गेली. "अभिनंदन केलं."